इंग्रजीतले अवघड शब्द: अर्थ पाठ होतो, पण वाक्यात बसवता येत नाही. तुम्ही काय करता?

अक्षरओढ

ज्यांना रोजचं इंग्रजी येतं, बातम्या वाचता येतात, मेल लिहिता येतो, पण त्याच्या पुढचे शब्द काही केल्या अंगवळणी पडत नाहीत अशांसाठी हा धागा काढतेय. मिटिगेट, टॅसिट, सॅन्ग्विन, इनएक्सोरेबल या जातीचे शब्द. एक यादी घ्यायची, डावीकडे शब्द उजवीकडे अर्थ, उजवी बाजू झाकून म्हणून बघायचं, हे आपण बहुतेकांनी केलेलं असतं आणि अर्थ पाठही होतो. पण लिहायला बसलं की नेमका तो शब्द आठवत नाही, किंवा आठवला तरी वाक्यात कुठेतरी खटकतो, आणि का खटकतो तेही धड सांगता येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. व्याख्येतून शब्दाची नुसती तोंडओळख होते. तो कुणाच्या सोबतीने येतो, माणसाबद्दल वापरतात की परिस्थितीबद्दल, कौतुकात येतो की टीकेत, पुढे कुठलं प्रिपोझिशन लागतं, नकारार्थी वाक्यातच जास्त दिसतो का, हे सगळं उदाहरणाच्या वाक्यात असतं, आणि तेही एका वाक्यात मावत नाही, तीन-चार तरी लागतात. भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९५७ साली म्हटलंय की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. मला हे अगदी पटतं.

नुसत्या व्याख्येवर भिस्त ठेवली की काय होतं याची उत्तम उदाहरणं जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांच्या १९८७ च्या लेखात आहेत. शाळकरी मुलांना डिक्शनरीतली व्याख्या वाचायला दिली आणि त्या शब्दाचं वाक्य करायला सांगितलं. इरोड म्हणजे झिजवणं, कुरतडणं, पण त्याच्या व्याख्येत 'ईट आउट' असे शब्द होते, तर एका मुलाने लिहिलं की आमचं कुटुंब फार वेळा इरोड करतं, म्हणजे बाहेर जेवायला जातं. स्टिम्युलेटच्या व्याख्येत 'स्टर अप' होतं तर कुणीतरी सूपच स्टिम्युलेट केलं. मेटिक्युलस म्हणजे अतिशय काळजीपूर्वक, तर एकाने लिहिलं की कड्यावरून पडू नये म्हणून मी मेटिक्युलस होतो. मुलं काय करत होती बघा, व्याख्येतला ओळखीचा तुकडा उचलायचा, त्याचं वाक्य करायचं, आणि मग त्या तुकड्याच्या जागी नवा शब्द ठेवून द्यायचा. मोठी माणसं मराठी अर्थ पाठ करतात तेव्हा नेमकं हेच करतात, फरक इतकाच की आपला तुकडा मराठीत असतो.

तर सांगा, तुम्ही कसे शिकता? कुठली पद्धत खरंच उपयोगी पडली?

रातकिडा

विषय आवडला ताई. पण परीक्षा तोंडावर असलेल्याचं काय? जीआरई (परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठीची परीक्षा) देणाऱ्याच्या हातात दोन-तीन महिने असतात, समोर हजारभर शब्द, प्रत्येकाची चार वाक्यं वाचायची कधी? मी आधी एका शब्दात अर्थ लिहून पाठ करतो. प्लेथोरा म्हणजे भरपूर, लॅकोनिक म्हणजे कमी बोलणारा, कंडोन म्हणजे माफ करणं. एवढं आलं तर निदान पर्याय तरी ओळखता येतो, वाक्यांचं नंतर बघू.

अक्षरओढ

रातकिडा, घाई समजू शकते, पण ही परीक्षा आता तशी राहिलेली नाही. २०११ च्या ऑगस्टपासून जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि ॲनॅलॉजी हे दोन्ही प्रकार काढून टाकले, आता शब्द येतो तो वाक्यातच येतो. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स नावाच्या प्रश्नात एक गाळलेली जागा आणि सहा पर्याय असतात आणि त्यातले दोन असे निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील. तिथे एका शब्दाचा मराठी अर्थ कमी पडतो. एसएटीने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेनेसुद्धा, २०१६ मध्ये सुट्या वाक्यांतल्या गाळलेल्या जागांचा प्रकार बंद केला होता.

आणि तुम्ही दिलेलेच तीन शब्द घ्या.

कंडोन म्हणजे माफ करणं नाही. एखादी गोष्ट चूक आहे हे माहीत असून ती चालवून घेणं, तिच्याकडे काणाडोळा करणं म्हणजे कंडोन. त्याचं कर्म माणूस नसतो, वागणूक असते, म्हणजे 'आय कंडोन यू' असं होत नाही, 'कंडोन व्हायोलन्स', 'कंडोन चीटिंग' असं होतं. आणि हा शब्द बहुतेक वेळा नकारातच भेटतो: 'द स्कूल डझ नॉट कंडोन बुलीइंग.' माफ करण्यासाठी फर्गिव्ह आहे, पार्डन आहे.

लॅकोनिक हा बोलणारा माणूस असतो, फक्त मोजकं बोलतो, आणि ते मोजकं बऱ्याचदा धारदार असतं. हा शब्द प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाच्या प्रदेशावरून आला, लॅकोनिया. मॅसेडोनियाचा राजा फिलिप याने स्पार्टाला धमकी पाठवली की मी तुमच्या प्रदेशात शिरलो तर तुमचा नायनाट करीन, आणि त्यांनी एकच शब्द उलट पाठवला, 'तर', अशी गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे. ज्याला मुळात बोलायलाच आवडत नाही तो टॅसिटर्न. म्हणून रिप्लाय लॅकोनिक असू शकतो, स्टाइल लॅकोनिक असू शकते, पण टॅसिटर्न बहुतेक माणूसच असतो.

प्लेथोरा हा मूळचा वैद्यकातला शब्द, अंगात रक्त जास्त होणं. म्हणून त्यात गरजेपेक्षा जास्त अशी छटा आहे. आता नुसत्या 'भरपूर'साठीही लोक वापरतात, पण उताऱ्यात भेटला तर 'जरा जास्तच' असा सूर आहे का ते तपासून बघा.

मुळाक्षर

मी सगळं धातूंवरून शिकतो आणि मराठी माणसाला तर हे फारच सोयीचं आहे. लॅटिन आणि संस्कृत नात्यातल्या भाषा आहेत हे विल्यम जोन्स यांनी १७८६ सालच्या भाषणात मांडलं होतं आणि त्या नात्याचा आपल्याला आयता फायदा मिळतो. इग्नाइटमध्ये अग्नी आहे. सॉम्नोलंट, इन्सॉम्निया यांच्यातला सॉम हा आपल्या स्वप्नाचा भाऊबंद. रिज्युव्हनेटमध्ये युवन् आहे. सेडेंटरीमध्ये सद् म्हणजे बसणं, म्हणून सेडेंटरी म्हणजे बैठं, जसं बैठं काम. सब्ज्युगेटमध्ये युग म्हणजे जू, मानेवर जू ठेवणं, गुलाम करणं. इक्विव्होकलमध्ये वाच् आहे, दोन्हीकडे सारखाच आवाज, म्हणजे धड हो नाही आणि धड नाही पण नाही.

आणि मला सगळ्यात आवडतं ते क्रेड. लॅटिन क्रेडो म्हणजे मी विश्वास ठेवतो, तो आणि आपली श्रद्धा हे एकाच मुळाचे. एवढं कळलं की क्रेडन्स, क्रेडुलस, इन्क्रेडुलस, क्रीड असे शब्द एका दमात लागतात. वेगवेगळ्या ओळींत लिहून पाठ कशाला करायचे?

वाचनवेडी

मुळाक्षर, वाचायला छान वाटलं, श्रद्धेचं माहीत नव्हतं. पण मुळावर विसंबलं तर फसायलाही होतं ना? एग्रीजस बघा, मूळ अर्थ कळपातून वेगळा उठून दिसणारा, एकेकाळी तो कौतुकाचा शब्द होता. आज 'ॲन एग्रीजस एरर' म्हणजे डोळ्यांत खुपेल इतकी वाईट चूक. मूळ माहीत असलेला माणूस एखाद्याला एग्रीजस स्कॉलर म्हणून कौतुक करायला जाईल आणि समोरचा दुखावेल.

मुळाक्षर

मान्य. मूळ शब्दाचा जन्म सांगतं, आजचा पत्ता डिक्शनरीतच बघावा लागतो. पण उलटंही होतं. एनर्व्हेट हा शब्द वाचून बऱ्याच जणांना एनर्जी आठवते आणि ते उत्साह देणं असा अर्थ लावतात. मूळ बघितलं तर एक्स आणि नर्व्हस, स्नायूच काढून घेतला, म्हणजे पार गळवून टाकणं, शक्ती घालवणं. 'द हीट वॉज एनर्व्हेटिंग.' इथे मुळानेच वाचवलं. तसंच नॉयसम. आवाजाशी, नॉइजशी त्याचा काही संबंध नाही, ॲनॉयशी आहे, आणि अर्थ घाण वास मारणारा, किळसवाणा. 'नॉयसम फ्यूम्स'. दिसण्यावरून अंदाज बांधणं आणि मूळ बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच माझं म्हणणं.

वाचनवेडी

हे पटलं. पण माझा मूळ मुद्दा वेगळाच आहे, याद्याच कशाला हव्यात? भरपूर वाचा, शब्द आपोआप येतात. प्रत्येक शब्द त्याच्या जागी, त्याच्या प्रसंगात भेटतो, त्यापेक्षा चांगलं उदाहरण कुठली डिक्शनरी देणार? यादीतले शब्द मला निर्जीव वाटतात.

अक्षरओढ

वाचनाला पर्याय नाही हे शंभर टक्के खरं. पण नुसत्या वाचनावर सोडलं तर एक अडचण येते आणि ती आकड्यांची आहे. मायकेल वेस्ट यांची १९५३ ची साधारण २००० शब्दांची यादी प्रसिद्ध आहे, सगळ्यात जास्त लागणारे शब्द. २००० साली ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी त्याच्या पुढची यादी केली, अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब), आणि ही ५७० मिळून अशा लिखाणातले साधारण १० टक्के शब्द भरतात. म्हणजे हे शब्द वाचताना सतत भेटतात, ते वाचनातूनही येतील. पण त्याच्या पलीकडचे, सॅन्ग्विन किंवा टॅसिटर्नसारखे, फार विरळ. आज भेटला तर पुन्हा भेटेपर्यंत पहिली भेट विसरलेली असते.

पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायचं तर ८००० ते ९००० शब्दकुटुंबं लागतात, त्यात १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे असतात असं धरलंय. ९८ टक्के ऐकायला खूप वाटतं, पण ३०० शब्दांच्या पानावर तरीही सहा शब्द अनोळखी राहतात. आणि ओळखीचे शब्द ९० टक्केच असतील तर त्याच पानावर तीस अनोळखी, मग संदर्भावरून अंदाज बांधायचा तरी कशावर, संदर्भातच भोकं पडलेली असतात.

म्हणून मला दोन्ही हवं वाटतं. वाचताना शब्द गोळा करायचा, ज्या वाक्यात भेटला ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, मग डिक्शनरीत त्याची आणखी दोन-तीन वाक्यं बघायची. यादी असावी, पण ती आपल्या वाचनातून आलेली असावी.

कोरी_पाटी

एक बेसिक प्रश्न विचारू का, व्याख्या इंग्रजीत वाचायला गेलं तर व्याख्येतलेच शब्द कळत नाहीत, मग ते शोधा, मग त्यांच्या व्याख्येतले शोधा, शेवटी मूळ शब्द कुठला होता तेच विसरायला होतं. म्हणून मी मराठी अर्थावर येऊन थांबते. चांगली डिक्शनरी कुठली?

अक्षरओढ

कोरी_पाटी, प्रश्न एकदम योग्य आहे आणि याच अडचणीसाठी वेगळ्या डिक्शनऱ्या निघाल्या. मोठ्या डिक्शनऱ्या इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठी केलेल्या असतात. शिकणाऱ्यांसाठीची लर्नर्स डिक्शनरी वेगळी. हॉर्नबी नावाचे शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथे १९४२ मध्ये अशी डिक्शनरी काढली आणि पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डने ती छापली, आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स तिचीच वंशज. लाँगमनने १९७८ मध्ये आपल्या डिक्शनरीतल्या व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहायच्या असं ठरवलं. तुम्ही म्हणताय तो गोल गोल फिरण्याचा त्रास तिथे बहुतेक संपतो.

आणि तिसरी, माझी सगळ्यात आवडती, कोबिल्ड, १९८७ ची. जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात खऱ्याखुऱ्या मजकुराचा प्रचंड साठा कॉम्प्युटरवर घेऊन त्यातून ती केली. तिची व्याख्या हीच एक वाक्य असते, म्हणजे 'तुम्ही एखादी चुकीची वागणूक कंडोन करता तेव्हा तुम्ही ती चालवून घेता' अशा धाटणीची. कर्ता कोण, कर्म काय, ते व्याख्येतच दिसतं. उदाहरणंसुद्धा लोकांनी खरोखर लिहिलेल्या बोललेल्या मजकुरातली. संपादकाने टेबलावर बसून रचलेलं वाक्य आणि खरं वाक्य यात फरक पडतो, रचलेल्या वाक्यात अर्थ अगदी स्वच्छ दिसतो पण संगत कधीकधी खोटी असते.

सिंक्लेअर यांनीच दाखवलं होतं की 'सेट इन' हा साधा प्रयोग जवळजवळ नेहमी वाईट गोष्टींसोबत येतो, सडणं, निराशा, खराब हवा. व्याख्येत हे लिहिलेलं नसायचं, आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही विचारलं तर सांगता येत नाही, शंभर वाक्यं एकाखाली एक ठेवली की मगच दिसतं. कॉजसुद्धा तसाच, कॉज डॅमेज, कॉज डिले, कॉज ट्रबल. 'हिज व्हिजिट कॉज्ड हॅपिनेस' व्याकरणात बरोबर आहे पण कानाला टोचतं ते यामुळे.

मराठी अर्थ बघायला माझी अजिबात हरकत नाही. पटकन पकड येते. फक्त तिथे थांबू नका, त्याच्याखाली एक तरी वाक्य इंग्रजीतलं हवं.

टिपणवही

फ्लॅशकार्डवाल्यांच्या वतीने लिहितो. विसरणं हे नॉर्मल आहे, हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला होता, सुरुवातीला झपाट्याने घसरतो मग हळूहळू. उपाय म्हणजे अंतर वाढवत वाढवत उजळणी. सेबास्टियन लाइटनरची १९७२ ची खोक्यांची पद्धत यावरच आहे, कार्ड आलं तर पुढच्या खोक्यात, चुकलं तर परत पहिल्या. २००६ पासून अँकी हे ॲप आहे, ते हेच काम आपोआप करतं.

पण कार्ड कसं बनवता यावर सगळं अवलंबून आहे. पुढे 'टॅसिट' मागे 'अव्यक्त' असं कार्ड केलं तर तुम्ही फक्त ती जोडी ओळखायला शिकता. मी पुढे वाक्य लिहितो आणि शब्दाच्या जागी रिकामी जागा, सोबत पहिलं अक्षर. 'देअर वॉज अ ट डॅश अंडरस्टँडिंग दॅट नोबडी वुड मेन्शन द मनी.' मागे टॅसिट, खाली उच्चार आणि छोटा अर्थ: न बोलता मान्य झालेलं. शब्द आठवून काढावा लागतो, नुसता ओळखून भागत नाही. रोएडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग आहे, एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवणारे. यादी परत परत वाचताना 'सगळं येतंय' असं जे वाटतं ते त्या पाच मिनिटांचं असतं.

आणखी एक, हे बरेच जण उलट करतात. सारख्या अर्थाचे नवे शब्द एकदम शिकू नका. राग या विषयाचे दहा, कंजूषपणाचे दहा अशी पानं असतात ना, त्यात शब्द एकमेकांत गुंततात. टिंकम आणि वॉरिंग यांनी १९९० च्या दशकात हे तपासलं आणि अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकायला जास्त वेळ लागतो असं दिसलं.

रातकिडा

हे नवीनच कळलं, माझ्याकडची सगळी पुस्तकं विषयवार गट करूनच शिकवतात. मग मिटिगेट, अलेव्हिएट, अमीलिओरेट यांचं करायचं काय? तिन्हींचा अर्थ 'त्रास कमी करणं' असाच दिलाय. वेगवेगळे शिकलो तरी फरक कसा कळणार?

अक्षरओढ

टिपणवही म्हणतात ते बरोबर आहे आणि रातकिडा, तुमची शंकाही बरोबर आहे. मला वाटतं क्रमाचा प्रश्न आहे. पहिली ओळख वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक आपापल्या वाक्यासह. तिघे पक्के झाले की मग शेजारी बसवायचे, आणि तेव्हा मात्र तुलना फार कामाची.

अलेव्हिएट दुखण्याशी जोडलेला. पेन, सफरिंग, सिम्प्टम्स, पॉव्हर्टी. यात मूळ कारण तसंच राहू शकतं, भार फक्त हलका होतो. 'द टॅब्लेट अलेव्हिएटेड द पेन', म्हणजे दुखणं कमी झालं, आजार गेला असं कुणी म्हटलेलं नाही.

मिटिगेट नुकसानीशी जोडलेला. रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज, इफेक्ट्स. नुकसानीची तीव्रता कमी करायची, आणि बरेचदा ते व्हायच्या आधीच तयारी करून. कोर्टाच्या भाषेत मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस म्हणतात, गुन्हा तोच राहतो, पण शिक्षा सौम्य व्हावी अशी परिस्थिती. आणि याच्यापुढे अगेन्स्ट लावू नका. अगेन्स्ट लागतं ते मिलिटेटला, 'मिलिटेट अगेन्स्ट' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणं. उच्चार जवळचे आहेत म्हणून गल्लत होते.

अमीलिओरेट म्हणजे वाईट परिस्थिती आधीपेक्षा बरी करणं. कंडिशन्स, सिच्युएशन. जरा भारदस्त, लेखी भाषेतला. मित्राला मेसेज करताना वापरलात तर विचित्र वाटेल, अहवालात चालेल. हा जो भारदस्तपणा असतो ना, तोही अर्थाचाच भाग धरा. अवघड शब्द आला म्हणजे तो सगळीकडे वापरायचा असं नाही, जिथे मेक बेटर पुरतं तिथे मेक बेटरच लिहावं.

वाचनवेडी

अनुमोदन. आणि कौतुक-टीकेचा मुद्दा तुम्ही वर काढलात त्याला जोडून: फ्रुगल आणि पार्सिमोनियस. दोघेही पैसा जपून वापरतात. फ्रुगल म्हटलं की शहाणपण, पार्सिमोनियस म्हटलं की चिकटपणा. शिफारसपत्रात कुणी पार्सिमोनियस लिहिलं तर संपलंच. फक्त विज्ञानात 'पार्सिमोनियस एक्स्प्लनेशन' म्हणजे कमीत कमी गृहीतकं घेणारं स्पष्टीकरण, तिथे ते कौतुक असतं. तोच शब्द, संगत बदलली.

प्रॉडिगलसुद्धा घ्या. बायबलमधल्या, घर सोडून गेलेल्या मुलाच्या गोष्टीमुळे लोकांना वाटतं प्रॉडिगल म्हणजे घरी परतलेला. नाही, तो मुलगा उधळ्या होता म्हणून प्रॉडिगल.

कोरी_पाटी

खूप शिकायला मिळतंय. स्वतःचं वाक्य लिहायचं म्हणतात सगळे, पण ते बरोबर आलं की नाही हे कळायचं कसं? मी लिहिलं 'माय अंकल इज टॅसिटर्न.' बरोबर आहे ना?

अक्षरओढ

बरोबर आहे, पण सरावाला निरुपयोगी आहे. का ते सांगते. टॅसिटर्न झाका आणि वाचा, 'माय अंकल इज डॅश.' तिथे टॉल बसेल, रिच बसेल, इल बसेल, काहीही बसेल. म्हणजे त्या वाक्याने शब्दासाठी कामच केलं नाही. आता हे बघा: 'माय टॅसिटर्न अंकल आन्सर्ड एव्हरी क्वेश्चन विथ अ नॉड.' इथे शब्द झाकला तरी वाचणारा 'न बोलणारा' अशा अर्थाचंच काहीतरी शोधेल. माझी कसोटी हीच आहे, शब्द झाकल्यावर त्याची जागा वाक्याने सांगितली पाहिजे.

दुसरी पायरी, तुमचं वाक्य झालं की त्यातली जोडी डिक्शनरीतल्या खऱ्या वाक्यांशी ताडून बघा. उदाहरणार्थ सॅन्ग्विन. जुन्या वैद्यकात रक्ताचं प्राबल्य असलेला माणूस आनंदी स्वभावाचा मानायचे, म्हणून सॅन्ग्विन म्हणजे आशावादी. कुणी 'सॅन्ग्विन फ्यूचर' लिहील, ब्राइट फ्यूचर होतं म्हणून. पण वाक्यं बघितली तर बहुतेक ठिकाणी माणूस सॅन्ग्विन असतो, आणि पुढे अबाउट येतं: 'शी वॉज लेस सॅन्ग्विन अबाउट द सेकंड प्लॅन.'

डिसइंटरेस्टेडचंही असंच. रस नसलेला तो अनइंटरेस्टेड, आणि डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा स्वतःचा फायदा गुंतलेला नाही, निःपक्ष. जज डिसइंटरेस्टेड असावा, अनइंटरेस्टेड असू नये. काही लोक दोन्ही एकाच अर्थी वापरतात, पण परीक्षेत आणि जपून केलेल्या लिखाणात हा फरक पाळलेला बरा.

सरळरेघ

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितोय, उच्चार. वाचून शिकलेले शब्द तोंडात चुकीचे बसतात आणि मग निघता निघत नाहीत. एपिटोम नाही, इपिटमी. हायपरबोल नाही, हायपर्बली. सेग नाही, सेग्वे. डिक्शनरीच्या ॲपमध्ये आवाज असतो, पहिल्याच दिवशी ऐका आणि देवनागरीत लिहून ठेवा, जोर कुठल्या भागावर आहे तो भाग अधोरेखित करा.

टिपणवही

सरळरेघ +१. माझ्या कार्डावर उच्चार असतो पण जोर लिहीत नव्हतो, आजपासून लिहितो.

रातकिडा

दोन दिवस ही पद्धत करून बघितली, झाकून बघायची कसोटी लावून. तपासाल का?

'द कोच डझ नॉट कंडोन शाउटिंग ॲट द रेफरी, इव्हन व्हेन द डिसिजन इज अनफेअर.'

'माय टीचर इज इनएक्सोरेबल.'

अक्षरओढ

पहिलं छान आहे. नकार आहे, कर्म वागणूक आहे, आणि इव्हन व्हेनमुळे 'चुकीचं तरी चालवून घेणं' ही छटा नेमकी आली.

दुसरं तुमच्याच कसोटीत बसत नाही, झाकून बघा. शिवाय विनवण्या करूनही न बधणारा या अर्थी माणसाला इनएक्सोरेबल म्हणता येतं, पण आज तो शब्द जास्त करून थांबवता न येणाऱ्या प्रक्रियेसाठी दिसतो, इनएक्सोरेबल राइज, इनएक्सोरेबल डिक्लाइन, इनएक्सोरेबल मार्च. 'नथिंग द व्हिलेजर्स बिल्ट कुड स्टॉप द इनएक्सोरेबल ॲडव्हान्स ऑफ द सी.' असं काहीतरी करून बघा.

पुढचा शब्द मी देते, टॅन्टामाउंट. अर्थ: परिणामाने तेवढंच, जवळजवळ तेच. पुढे टू लागतं, नामाच्या आधी विशेषण म्हणून येत नाही, आणि तुलना बहुधा वाईट किंवा गंभीर गोष्टीशी असते: 'रिफ्युझिंग टू आन्सर वॉज टॅन्टामाउंट टू अ कन्फेशन.' सगळ्यांनी एकेक वाक्य टाका, कोरी_पाटी तुम्ही पण.

कोरी_पाटी

'हायडिंग द रिपोर्ट फ्रॉम द पेशंट इज टॅन्टामाउंट टू लाइंग.' टूच्या पुढे आयएनजी चालतं का?

अक्षरओढ

चालतं. इथला टू प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढे नाम किंवा आयएनजीवालं रूप, 'टॅन्टामाउंट टू लाय' नाही होणार. वाक्य पक्कं आहे, कार्डावर चढवा.